बोअरचं पाणी, न शिजणारी डाळ आणि शिकेकाई: कॉलेजच्या फ्लॅटमधल्या नोंदी

जागा: पुणे, नऱ्ह्याच्या बाजूचा वन बीएचके. माणसं चार, चौघीही कॉलेजच्या. गॅस नाही, फ्रिज नाही, इंडक्शन एकच. रोज एक वेळचं जेवण घरी करायचं आणि केस धुण्याचं, लावण्याचं सगळं घरीच बनवायचं, असं ठरलं. दोन्ही कामं एकाच ओट्यावर, म्हणून वहीही एकच. पदार्थांची नावं आणि प्रमाणं कुठेही मिळतात. इथे जास्त जागा बिघडलेल्या गोष्टींना दिली आहे.

६ जुलै. सामान

इंडक्शन (२००० वॅट) २,१०० रुपये. घरून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालतच नाही, ठेवला की नुसतं टीं-टीं करतं. भांडं घेताना बुडाला फ्रिजवर लावायचं चुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल, घसरलं तर नाही. इंडक्शनला चालणारा ३ लिटरचा कुकर १,६५०. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं ७८०. लोखंडी तवा होताच.

कढई स्वस्तातली, पातळ बुडाची घेतली (३५०). हे पैसे वाया. तेल कधी तापलं ते कळायच्या आत मोहरी काळी पडते. फोडणी आता पातेल्यातच करतो, ती ८०० वॅटच्या वर कधीच नाही.

९ जुलै. पहिलं वरण

तूरडाळ १ वाटी, पाणी ३ वाट्या, अर्धा तास भिजवून, हळद, हिंग, चमचाभर तेल. फुल पॉवरवर पाच शिट्ट्या. झाकण उघडलं तर डाळ तळाला आणि वर पिवळं पाणी. आणखी चार शिट्ट्या दिल्या. डाळ फुटली, पण एकजीव झाली नाही. रवीने घुसळूनही कणी लागतच होती.

एक चूक लगेच कळली. इंडक्शनवर फुल पॉवरला शिट्ट्या भराभर होतात, पाच शिट्ट्या म्हणजे जेमतेम सहा मिनिटं. आईच्या गॅसवरच्या पाच शिट्ट्या इथे लागू नाहीत. पहिल्या शिट्टीनंतर पॉवर ८०० वर आणायची आणि मिनिटं मोजायची: तूरडाळ १२, भात ५, भिजवलेले छोले २५. मग वाफ आपोआप जिरू द्यायची.

११ जुलै. डाळ बदलली, सोडा टाकला

मिनिटं मोजूनही तेच. दोष डाळीला दिला, जुनी असेल म्हणून. दुसऱ्या दुकानातून अर्धा किलो आणली (८५ रुपये). फरक नाही.

मग चिमूटभर खायचा सोडा. डाळ शिजली, अगदी लगदा झाला. पण वरण पिवळं न राहता विटकरी झालं आणि चवीला साबणासारखं. हळदीचा रंग क्षारात लाल होतो, म्हणजे सोडा जास्त पडल्याची ही उघड खूण. शिवाय सोड्याने डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. पातेलंभर वरण टाकून दिलं, ब्रेड खाल्ला.

१३ जुलै, रविवार. शिकेकाई, पहिली खेप

मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून शिकेकाईच्या शेंगा पाव किलो, रिठे १०० ग्रॅम, आवळकाठी १०० ग्रॅम. एकूण १९० रुपये. गिरणीवाल्याने दळायला साफ नकार दिला. त्याचं बरोबर आहे: शिकेकाईची धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं पीठ कडू होतं. म्हणून मिक्सरवर दळली. झाकण लगेच उघडलं, तिघी खोकत गॅलरीत. दळल्यावर पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही.

पूड कोमट पाण्यात कालवून थेट डोक्याला लावली. धुतल्यावर केस राठ, विंचरताना कंगव्यात तपकिरी कण, उशीवरही तेच. दोन बादल्या पाणी घालूनही निघेनात. चौथीने वैतागून अंगाच्या साबणाने केस धुतले. तिची गत सगळ्यांहून वाईट. केसांवर पांढुरका चिकट थर, बोटं फिरेनात.

१६ जुलै. पाण्याची तपासणी

या थरावरूनच संशय आला. नळाच्या तोटीवर आणि किटलीच्या तळाला तसलाच पांढरा थर आहे.

साधी चाचणी केली. तीन सारख्या बाटल्या, प्रत्येकीत २०० मिली पाणी: बाथरूमचं, स्वयंपाकघरातल्या नळाचं आणि खालच्या मजल्यावर सकाळी तासभर येणारं महापालिकेचं. प्रत्येकीत हरभऱ्याएवढा साबणाचा तुकडा किसून टाकला, झाकण लावून दहा वेळा हलवलं. महापालिकेच्या पाण्यात चार बोटं फेस, पाणी जवळजवळ स्वच्छ. बाकी दोन्हीत फेस नावाला, पाणी फाटलेल्या दुधासारखं आणि काचेला चिकटणारे पांढरे कण. साबण खराच हवा. कपड्याची पावडर वापरली तर जड (क्षार जास्त असलेल्या) पाण्यातही फेस येतो आणि फसायला होतं.

शाळेत ‘दुष्फेन’ आणि ‘सुफेन’ पाणी पाठ केलं होतं, ते हेच. स्वयंपाकघराचा नळसुद्धा बोअरच्या टाकीवरच आहे, हे घर घेताना कुणी विचारलं नव्हतं.

शेजारून टीडीएस मीटर आणला. बोअर ९४०, महापालिका ८५. मीटर पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजतो, जडपणा वेगळा सांगत नाही. त्यासाठी बाटलीची चाचणीच बरी. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) टीडीएस ५०० आणि जडपणा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगलं मानतं. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे नुसत्या एवढ्या टीडीएसने कुणी आजारी पडेल असं नाही. डाळ मात्र शिजत नाही. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला धरून ठेवतं, दाणा सुटत नाही.

१७ आणि १८ जुलै. एकाच कुकरमध्ये दोन डबे

खात्री करायची होती. त्याच अर्धा किलोतली डाळ, दोन डब्यांत अर्धी-अर्धी वाटी. एक बोअरच्या पाण्यात भिजवली आणि त्यातच लावली, दुसरी महापालिकेच्या. दोन्हींत दीड-दीड वाटी पाणी. डबे एकावर एक ठेवून पहिल्या शिट्टीनंतर १२ मिनिटं.

महापालिकेच्या डब्यातला दाणा चिमटीत धरला की बोटं एकमेकांना टेकतात, मध्ये काही लागत नाही. बोअरच्या डब्यातला दाणा चेपला जातो, पण मधोमध पांढरा कडक ठिपका राहतो. वरच्या-खालच्या डब्याने फरक पडला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी जागा बदलून परत लावले. निकाल तोच.

म्हणजे डाळ, दुकान आणि कुकर, तिघांवरही उगाच आळ घेतला होता.

आता सकाळी साडेसहाला खालून २० लिटरची दोन पिंपं भरून आणायची, पाळी लावली आहे. चौघींना भिजवणं, शिजवणं, चहा, पिणं मिळून दिवसाला साधारण १६ लिटर लागतं. तांदूळ-डाळ धुवायला बोअरचं चालतं, शेवटचं धुणं तेवढं पिंपातलं.

ज्यांच्याकडे दुसरं पाणीच नाही त्यांच्यासाठी: बोअरचं पाणी १० मिनिटं खळखळ उकळून रात्रभर ठेवलं आणि सकाळी तळ न ढवळता वरचं ओतून घेतलं, तर जडपणा थोडा उतरतो. सगळा नाही. डाळीला तेवढाही उपयोग होतो, पण वीज फार जाते. चिंच, टोमॅटो, कोकम कुठल्याही पाण्यात डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा तिथेच अडतो.

२० जुलै, रविवार. शिकेकाई, दुसरी खेप

पूड रद्द. अख्ख्या शेंगांचा काढा. चार जणींना पुरेल असं प्रमाण, खांद्याच्या खालपर्यंतचे केस धरून:

शिकेकाई ५० ग्रॅम (साधारण १५ शेंगा, मोडून), रिठे १० (बी काढून, नुसती टरफलं), आवळकाठी १० तुकडे, मेथी १ चमचा, पाणी दीड लिटर. रात्रभर भिजत. सकाळी त्याच पाण्यात १५ मिनिटं मंद उकळायचं, पातेलं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, फेस उतू येतो. कोमट झालं की हाताने कुस्करून जुन्या पंच्यातून गाळायचं, चहाच्या गाळणीतून नाही. एकदा गाळलं, चोथ्यावर अर्धा लिटर पाणी घालून परत कुस्करलं, परत गाळलं. एकूण दीड लिटर तपकिरी, फेसाळ पाणी निघालं.

लावायची पद्धत: केस पूर्ण ओले, काढा मगाने थोडा थोडा टाळूवर, बोटांनी चोळून पाच मिनिटं. डोळे मिटलेले, मान मागे. रिठा डोळ्यात गेला तर अर्धा तास डोळे लाल. शाम्पूसारखा फेस येणार नाही, त्याची वाट पाहून काढा संपवू नका.

केस मऊ, कण एकही नाही. आणि इथे एक कबुली: आदल्या रविवारचा सगळा दोष आम्ही पाण्याला देऊन बसलो होतो. तो निम्माच खरा. आज मुद्दाम दोघींनी काढ्यानंतरचं धुणं बोअरच्या पाण्याने केलं, दोघींनी पिंपातल्या. केस दोन्हीकडे स्वच्छ निघाले. शिकेकाई-रिठ्याचा फेस साबणासारखा जड पाण्यात फाटत नाही. तेव्हाचे कण म्हणजे नीट न चाळलेली पूड होती, दुसरं काही नाही. साबणाचा पांढरा थर मात्र शंभर टक्के पाण्याचाच. बोअरने धुतलेले केस वाळल्यावर जरा ताठ वाटतात. त्यावर शेवटचा एक मग पिंपातल्या पाण्याचा पुरतो. तेही नसेल तर १ लिटर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस, ओतून मिनिटभराने साध्या पाण्याने धुवायचं.

काढा त्याच दिवशी संपवायचा. उरलेला बाटलीत ठेवला होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण फटकन उडालं.

२२ जुलै. कडू चटणी

शेंगदाण्याची चटणी तोंडात घालवेना. दाणे खवट नव्हते. १३ तारखेला ज्या मिक्सरच्या भांड्यात शिकेकाई-रिठे दळले त्यातच वाटली होती. भांडं तीनदा घासलं होतं, पण कडवटपणा झाकणाच्या रबरात बसतो. रबर नवीन ६० रुपये. आता केसांचं जे काही असेल त्याला वेगळं पातेलं, वेगळा पंचा, वेगळा चमचा. चमच्याला लाल दोरा बांधला आहे.

२७ जुलै. तेल, पहिली घाणी: करपली

घाण्याचं खोबरेल ४०० मिली (२६० रुपये), कडीपत्ता, जास्वंद, मेथी. पानं धुतली आणि ओलीच गरम तेलात टाकली. तेल उसळलं, इंडक्शनच्या काचेवर आलं, बंद करून पुसेपर्यंत मेथी तळाशी काळी. वास चिवड्याच्या जळक्या फोडणीचा. गाळून बघितलं, वास जाईना. टाकलं.

कारण दुहेरी. एक, ओली पानं. दोन, इंडक्शन ‘मंद’ म्हणजे सलग मंद नसतं. सगळ्यात खालच्या आकड्यावर ते काही सेकंद जोरात तापतं, काही सेकंद बंद पडतं. भाताला चालतं, तेलाच्या तळाला नाही.

२८ जुलै, श्रावणी सोमवार

साबुदाणा खिचडीचा गोळा झाला. पाणी दोन बोटं वर ठेवलं होतं. बरोबर प्रमाण: दोनदा धुऊन, साबुदाणा जेमतेम बुडेल एवढंच पाणी, ५ तास. दाणा चिमटीत पूर्ण चेपला गेला पाहिजे. कूट आणि मीठ आधी कोरडंच चोळायचं, मग फोडणीत. ६०० वॅट, दोन वाफा, उलथण्याने खालून वर, ढवळायचं नाही.

३ ऑगस्ट. तेल, दुसरी घाणी

या वेळी माका (भृंगराज) मिळाला. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी पावसाळ्यात उगवतो, फूल बारीक पांढरं. रस्त्याच्या दुभाजकात लावतात ती पिवळ्या फुलांची पसरणारी वेल माका नव्हे. खात्री करायला पान चुरडून तळहातावर चोळा. खऱ्या माक्याचा हिरवा रस दोन-तीन मिनिटांत काळपट होतो आणि डाग दिवसभर जात नाही.

पानं वाटून रस तेलात घातला. पातेलं थेट न ठेवता मध्ये लोखंडी तवा: इंडक्शनवर तवा, तव्यावर पातेलं. धक्के तवा खातो, तेल सलग तापतं. ही युक्ती जमली. ४० मिनिटांत तेल हिरवंगार झालं, छान दिसलं, उतरवलं.

१० ऑगस्ट. केस गळतीबद्दल

एकीला वाटतं तेलाने गळती थांबेल. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच. मोठा ताप, डेंग्यू किंवा एकदम वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी पुंजके जातात आणि बहुतेकदा आपोआप थांबतात. ते तेलाचं काम नाही. कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर तेल ठेवू नये, कोंड्याची बुरशी त्याच स्निग्धतेवर जगते. महिनाभरात फरक नाही पडला तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं.

ताटात मात्र बदल केला. उसळीवर लिंबू, जेवणावर लगेच चहा नाही (चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही), आठवड्यातून दोनदा दुधात भिजवलेले अळीव. चहाचा नियम सगळ्यात अवघड निघाला.

१४ ऑगस्ट. दुसरी घाणी गेली

अकराव्या दिवशी बाटलीच्या तळाला गढूळ थर, वर आंबूस वास, झाकणाच्या कडेला पांढरी बुरशी. माक्याच्या रसातलं पाणी पूर्ण उडालंच नव्हतं. हिरवा रंग आला म्हणजे तेल झालं असं नाही. आणखी २६० रुपये गेले.

१७ ऑगस्ट, रविवार. तेल, तिसरी घाणी

आयुर्वेदातलं जुनं प्रमाण कल्क (वाटलेल्या पाना-फुलांचा गोळा) १, तेल ४, द्रव १६. तसं केलं तर ४०० मिली तेलाला १,६०० मिली रस आटवावा लागतो आणि सोमवारचं कॉलेजही बुडतं. आम्ही द्रव बराच कमी घेतला, पण तेल झाल्याची परीक्षा जुनीच ठेवली.

खोबरेल ४०० मिली. माक्याचा गाळलेला रस १५० मिली. कल्क १०० ग्रॅम: कडीपत्ता दोन मुठी, लाल देशी जास्वंदीची ८ फुलं, भिजवलेली मेथी १ चमचा, एकत्र वाटून. सगळं गार तेलातच घालायचं, मग तापवायचं. तव्यावर पातेलं, सर्वांत खालचा आकडा, दर पाच मिनिटांनी तळ खरवडत.

पहिला तासभर चटचट आवाज आणि मोठे बुडबुडे, म्हणजे पाणी उडतंय. दीड तासाने आवाज बसला आणि वर बारीक फेस धरला. तेलात शेवटी फेस येतो, तुपात उलट येतो तो बसतो. चमच्याच्या टोकाने कल्क काढला, निवू दिला आणि दोन बोटांत वळला. पहिल्यांदा बोटांना लिबलिबीत लागला, तुटला. दहा मिनिटांनी परत: या वेळी वातीसारखा वळला, बोटं तेलकट पण चिकट नाहीत. ती वात ओट्यापासून लांब, पणतीवर धरली. तडतडली तर पाणी आहे. नाही तडतडली, गपचूप जळली.

लगेच उतरवलं. तेल गरमच असतं, कल्क आणखी पाच मिनिटांत करपू शकतो. कोमट असताना कोरड्या फडक्यातून, उन्हात वाळवलेल्या काचेच्या बाटलीत गाळलं. हाती आलं ३३० मिली, बाकी चोथ्यात. वेळ १ तास ५० मिनिटं, वीज अर्ध्या युनिटाच्या आसपास.

धुण्याआधी तासभर, एका डोक्याला दोन चमचे, बस. जास्त लावलं की काढ्याने निघत नाही आणि मग परत शाम्पूची आठवण येते.

२४ ऑगस्ट. उसळी आणि हिशेब

बाटली आठव्या दिवशीही स्वच्छ.

छोले-राजम्याला मीठ घालून भिजवतो: १ लिटर पाण्याला मोठा चमचाभर मीठ, ८ ते १० तास, ते पाणी ओतून द्यायचं. मिठाने कडधान्य दडस होतं हे ऐकीव आहे, सालं उलट मऊ पडतात. राजमा कच्चट ठेवायचा नाही, पोट बिघडतं. मटकीला मोड आणताना स्टीलच्या बंद डब्यात ठेवली होती, पावसाळी हवेत बुळबुळीत झाली. आता निथळून सुती फडक्यात, चाळणीत उघडी, १६ तास.

वाया गेलेले पैसे: कढई ३५०, जादाची डाळ ८५, रबर ६०, दोन घाण्यांचं खोबरेल ५२०. एकूण १,०१५. बाटलीची चाचणी पहिल्या दिवशी केली असती तर यातले डाळीचे ८५ तेवढे वाचले असते. बाकीचं पाण्याच्या माथी मारता येत नाही.

३१ ऑगस्ट

पावसानंतर माका मिळणार नाही, म्हणून दोन जुड्या धुऊन गॅलरीत सावलीला टांगल्या आहेत. चार दिवस झाले. पानं कुरकुरीत झाली, पण देठ अजून वाकतात, मोडत नाहीत. मोडेपर्यंत बरणीत भरायच्या नाहीत.